दीड मीटरची पट्टी

आमची गल्ली सहा मीटर रुंद आहे, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर ती मला फक्त 'गल्ली' म्हणून माहीत होती. समोरासमोरून दोन रिक्षा आल्या तर एकीला कोपऱ्यावरच्या फाटकात शिरावं लागतं, गणपतीचा मांडव घातला की दुचाकी तेवढी जाते, आणि दुपारी तीनला बहाव्याची सावली पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचते. गेल्या वर्षी दोन तरुण मुलं टेप घेऊन आली, एकानं इकडच्या भिंतीला टोक धरलं, दुसरा तिकडे गेला, आणि त्यानं मोठ्यानं आकडा सांगितला. 'सहा. पुरते सहाही नाहीत.' त्याच्या आवाजात रुग्णाचा रिपोर्ट वाचणाऱ्या कंपाउंडरचा सूर होता. 'मग काय होणार हो?' असं तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. 'नऊ पाहिजेत ना काकू. नऊ झाले तर सगळं होतं,' तो म्हणाला.

'नऊ झाले तर सगळं होतं' हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी आयुष्यभर पुस्तकांवर लिहीत आलो. इमारतींवर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण या वाक्यामागे एक पुस्तक आहे, आणि पुस्तक म्हटल्यावर ते वाचायला हवं. ते पुस्तक म्हणजे राज्य शासनानं २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. बांधकामाच्या धंद्यात सगळे तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या शहरांना ती लागू आहे. आपल्या पिढीत शहराचं रूप ठरवणारं याहून प्रभावी लेखन मराठी मुलखात दुसरं झालेलं नाही, आणि त्याची समीक्षा मात्र कोणी लिहीत नाही.

सुरुवात शीर्षकापासूनच करू. पूर्वीच्या नियमांना नुसतं 'विकास नियंत्रण नियम' म्हणत. आता 'नियंत्रण'च्या शेजारी 'प्रोत्साहन' येऊन बसलं आहे. एकाच गाडीला लगाम आणि चाबूक दोन्ही एकाच हातानं धरायचे, असा हा प्रकार. आतल्या पानांत परिभाषा येते. इमारतीभोवती सोडायच्या जागेला 'सामासिक अंतर' म्हणतात. व्याकरण शिकलेल्या माणसाला हा शब्द वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. इमारत राहण्याजोगी झाल्याचा दाखला म्हणजे 'भोगवटा प्रमाणपत्र'. आणि सगळ्यात मोलाचा शब्द 'चटई क्षेत्र निर्देशांक', म्हणजे एफएसआय. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधायला परवानगी आहे ते सांगणारा आकडा. ज्या अनामिक भाषांतरकारानं 'फ्लोअर'साठी 'चटई' हा शब्द घेतला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. जमिनीवर चटई अंथरून माणूस बसतो, तेवढी त्याची जागा. शब्द इतका घरगुती आहे की त्यामागे कोट्यवधींचा व्यवहार आहे हे लक्षातच येत नाही. हा चटईचा मुद्दा पुढे परत येणार आहे.

आता ज्या तक्त्यामुळे आमची गल्ली मोजली गेली तो तक्ता. पुण्यासारख्या महानगरपालिकेच्या दाटवस्तीबाहेरच्या भागात भूखंड ज्या रस्त्यावर आहे त्याच्या रुंदीवर चटई ठरते. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ निर्देशांक १.१०, आणि तिथेच थांबायचं. रस्ता नऊ मीटरचा झाला की त्या १.१० वर शासनाला अधिमूल्य भरून ०.५० विकत घेता येतो आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणून ०.४० चढवता येतो. बेरीज २. पुढे बारा मीटरला २.२५, पंधराला २.५०, असं चढत चढत तीस मीटरच्या रस्त्यावर ३. शिवाय जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी म्हणून या सगळ्यावर निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळतं.

हा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. बारकावे सोडून ढोबळ मांडतो. समजा भूखंड ५०० चौरस मीटरचा आहे आणि रस्त्याकडची बाजू २० मीटर लांब आहे. सहाची गल्ली नऊची करायची तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायला हवा. या भूखंडानं सोडायची पट्टी २० गुणिले दीड, म्हणजे ३० चौरस मीटर. एका मध्यम खोली-स्वयंपाकघराएवढी. ती सोडण्याआधी बांधकाम ५५० चौरस मीटर, सोडल्यावर १०००. साठ टक्क्यांची भर घातली तर ८८० विरुद्ध १६००. तीस चौरस मीटरच्या बदल्यात सातशे वीस, म्हणजे चोवीस पट. अधिमूल्य आणि टीडीआरचे पैसे भरावे लागतात हे खरं. पण ते विकत घेण्याची पात्रताच मुळी या पट्टीतून येते. सबंध शहरात दीड मीटर रुंदीच्या जमिनीला इतकी किंमत दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

मग साहजिकच सगळ्यांना नऊ मीटरचा रस्ता हवा असतो. जागेवर नसला तरी कागदावर. ही ओढ यूडीसीपीआरच्याही आधीची आहे. जानेवारी २०१६ मध्ये राज्यानं टीडीआरचं नवं धोरण आणलं आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरायला बंदी घातली. पुण्याच्या जुन्या उपनगरांतल्या असंख्य गल्ल्या सहा मीटरच्या. त्यांतल्या पन्नास वर्षांच्या इमारती पाडून नव्या बांधणं एका रात्रीत आतबट्ट्याचं झालं. जून २०२० मध्ये पुणे महापालिकेच्या स्थायी समितीनं यावर तोड काढली: शहरातले सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटरचे करायचे. आधार महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २१० चा. रस्त्याची 'नियमित रेषा' आखण्याचा अधिकार त्या कलमात आहे. रेषा आखली की लगेच कोणाची भिंत पडत नाही. इमारत पाडून नव्यानं बांधताना मात्र ती रेषेच्या मागे घ्यावी लागते. टाळेबंदीत अर्धं शहर घरात बसलेलं असताना हा ठराव आला आणि त्यावर गदारोळ झाला. ३२३ च का, बाकीचे का नाहीत, हे कोणी निवडले, असे प्रश्न विचारले गेले. प्रश्न रास्तच होते. पण त्या गदारोळात याहून मूळ प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. रस्त्याची रुंदी आणि इमारतीची चटई यांचं लग्न कोणी लावलं, आणि का?

हे लग्न जुनं आहे, आणि मुळात ते फार सज्जन हेतूनं लावलेलं होतं. १७८३ मध्ये पॅरिसमध्ये राजाज्ञेनं इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधली गेली. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या नियमांतही उंचीची मर्यादा रस्त्याच्या रुंदीच्या पटीतच होती. आपल्याकडे १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत फोफावतो ही तेव्हाची समजूत. पुढे पिसवांचा शोध लागला, पण हवा आणि उजेड हवा हे मागणं काही चुकीचं ठरलं नाही. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा हट्ट धरला होता. खोलीच्या पायथ्यापासून आकाशाकडे रेघ काढली तर समोरची इमारत साडेत्रेसष्ट अंशांच्या वर डोकावता कामा नये. भूमितीत याचा अर्थ एवढाच की समोर जेवढी मोकळी जागा, तिच्या दुप्पट उंची. त्याहून जास्त नाही. या नियमातला नायक कोण हे पाहा. तळमजल्यावर, मागच्या खोलीत राहणारा, ज्याच्याकडे सूर्य सगळ्यात शेवटी पोचतो तो भाडेकरू. नियम त्याच्या डोळ्यांतून आकाश पाहत होता.

म्हणजे रस्त्याची रुंदी तेव्हाही निर्णायक होती, पण तिचं काम रोखण्याचं होतं. गल्ली अरुंद आहे ना, मग इमारत बुटकी ठेव, असं ती सांगायची. आज ती सांगते, इमारत उंच हवी ना, मग गल्ली रुंद दाखव. वाक्यातले शब्द तेच, फक्त कार्यकारणाची दिशा उलटली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ऑरसाहेबांच्या कोनात नव्या नियमांना पकडायचं, असा माझा डाव होता. तो फसला. वर घेतलेल्याच भूखंडावर १६०० चौरस मीटर बांधायचं, दर मजल्याला साधारण सव्वादोनशे धरायचे, तर सात-आठ मजले होतात. खाली मोटारींचे दोन मजले. उंची तीस मीटरच्या आसपास. रस्ता नऊचा, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींपुढे तीन-तीन मीटर सोडलेले धरले तर समोरासमोरचं अंतर पंधरा. तीस भागिले पंधरा बरोबर दोन. कोन साडेत्रेसष्टाच्या काठावर, पण पास! मी दोनदा पडताळून पाहिलं. समोरच्या बाजूचा उजेड जाईल ही माझी तक्रार त्यामुळे मला मागे घ्यावी लागली. मागच्या आणि बाजूच्या अंतरांचं काय होतं हा वेगळा हिशेब आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

पण पास झालेल्या त्या कोनाकडे पाहताना दुसरीच गोष्ट दिसली. ऑरसाहेबांचा उजेड ज्या तळमजल्यासाठी होता तिथे आता राहतं कोण? मोटारी.

आणि इथे ती चटई परत येते. पार्किंगचं क्षेत्र चटई निर्देशांकात धरत नाहीत. माणसं जिथे बसतात, झोपतात, स्वयंपाक करतात त्या प्रत्येक चौरस मीटरची मोजदाद होते, त्याचं अधिमूल्य भरावं लागतं. मोटार जिथे उभी राहते ती जमीन हिशेबाबाहेर. तळमजल्यावर घर बांधलं तर मोजलेल्या चटईतलं बांधकाम रस्त्याच्या धुळीत खर्च होतं, आणि शिवाय गाड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न उरतो. तेच घर वर नेलं तर खालची जागा फुकट मिळते आणि वरच्या घराला भावही जास्त येतो. तळमजल्यावर राहू नका असं नियमावलीत कुठेही लिहिलेलं नाही. लिहिण्याची गरजच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या आसपास उठलेल्या एकाही इमारतीत तळमजल्यावर घर नाही. फाटक, सुरक्षारक्षकाची खोली, उजळ दिव्यांखाली झोपलेल्या गाड्या.

गॅलरीचंही असंच. जुन्या नियमांत बाल्कनीला एका मर्यादेपर्यंत निर्देशांकातून सूट होती. ती बंद करून खोलीत घेण्याचा उद्योग पुणेकरांनी इतक्या उत्साहानं केला की सूट हास्यास्पद झाली होती, हे मान्य. नव्या नियमावलीनं गोंधळ संपवला: इमारतीच्या परिघरेषेच्या आतलं सगळं मोजायचं, बाल्कनीही. स्वच्छ, सोपा, भ्रष्टाचाराला वाव न देणारा नियम. पण गॅलरीचा चौरस मीटर आणि दिवाणखान्याचा चौरस मीटर एकाच भावाचा झाल्यावर गॅलरी कशाला बांधेल कोणी? हिशेब सोपा करताना रस्त्याकडे पाहण्याची जागा त्या हिशेबातून वजा झाली. नियम वाईट हेतूनं केलेला नाही हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं आणि त्यामुळे टीका करणं कठीण होतं.

ज्या साली पानशेतचं धरण फुटलं आणि पेठांतली कितीतरी कुटुंबं शहराच्या कडेला राहायला गेली, त्याच १९६१ साली जेन जेकब्ज या बाईंचं अमेरिकन शहरांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे नव्हे, तर रस्त्याकडे सहज लक्ष असलेल्या दारा-खिडक्यांमुळे, हा त्यांचा सिद्धांत आता इतका सर्वमान्य आहे की तो उच्चारायलाही संकोच वाटतो. आमच्या गल्लीत तो कोणी वाचलेला नाही, पण अमलात रोज असतो. तळमजल्यावरच्या काकू सकाळी साडेसहाला पायरीवर दूध घ्यायला बसतात आणि साडेसातपर्यंत उठत नाहीत. त्या तासाभरात शाळेची रिक्षा चुकलेलं पोर, नव्यानं आलेला भाडेकरू, गेले दोन दिवस न दिसलेले तात्या, सगळ्यांची नोंद होते. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही आणि सातव्या मजल्यावर नेऊन बसवल्यावर त्या ते करू शकणार नाहीत. सीसीटीव्ही लागेल, त्याचं भाडं मेंटेनन्समध्ये येईल.

मराठी साहित्याला चाळ माहीत आहे आणि वाडा माहीत आहे. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'त, १९६५ साली, नाकाच कादंबरी झाला. पण सहकारी सोसायट्यांची ही मधल्या उंचीची, तीनमजली, लिफ्ट नसलेली गल्ली आपल्या लेखनात पार्श्वभूमीपलीकडे फारशी आलीच नाही. ती इतकी सामान्य होती की तिच्यावर लिहावंसं कोणाला वाटलं नाही. स्मरणरंजनालाही ती अजून पुरेशी जुनी झालेली नाही, आणि आता ती जायला निघाली आहे.

नियमावली रस्त्याला ओळखत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. व्याख्यांच्या प्रकरणात 'रस्ता' कशाला म्हणावं याची यादी आहे, आणि ती मला चक्क सुंदर वाटली. महामार्गापासून बोळापर्यंत आणि जिन्यापासून चौकापर्यंत सगळं तिच्यात येतं. शिवाय रस्त्याच्या रेषेतले पदपथ, गटारं, कुंपणं, हिरव्या वया आणि रस्त्याकडेची झाडंसुद्धा. व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खराखुरा रस्ता होता. पण तक्त्यापाशी येईपर्यंत या सगळ्याचं एकाच आकड्यात आटून जातं. नऊ मीटरच्या ज्या रस्त्यावर तीन मीटर गाड्या उभ्या आहेत तो नऊ, आणि ज्यावर दुतर्फा पदपथ आणि सावली आहे तोही नऊच.

झाडांचा प्रश्न तर अगदी मीटरातच मांडता येतो. आमच्या गल्लीत झाडं कुंपणाच्या आत, भिंतीला लागून आहेत, कारण पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी ती आपापल्या हद्दीत पण रस्त्यावर सावली पडेल अशी लावली. बहावा, दोन आंबे, एक बूच, आणि एक बकुळ, जिचं वय कोणालाच माहीत नाही. जवळपास प्रत्येक खोड भिंतीपासून दीड मीटरच्या आत आहे. म्हणजे जी पट्टी सोडायची आहे, नेमकी तिच्यातच ती उभी आहेत. वृक्ष संरक्षणाच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं गेलं. त्यामुळे एक कायदा झाडाला वारसा म्हणणार आणि दुसरा त्याच्या पायाखालची जमीन रस्ता म्हणणार.

आणि ती पट्टी सोडल्यावर तिथे होतं काय? पेठांतून चालताना याचं उत्तर दिसतं, कारण तिथल्या रुंदीकरणाच्या रेषा फार जुन्या आहेत. नवी इमारत मागे सरकलेली, शेजारचा वाडा पुढेच, पुढची इमारत परत मागे. रस्त्याची अशी वाकडीतिकडी दंतपंक्ती झाली आहे. जिथे दात पडला त्या खोबणीत रुंद रस्ता तयार होत नाही; दुचाक्या, एखादी टपरी आणि ट्रान्सफॉर्मर येतो. हे टाळण्यासाठीच असावं, पण नव्या नियमावलीत एक शहाणी अट आहे. मालकानं स्वतःहून पट्टी देऊन वाढीव रुंदीचा लाभ घ्यायचा असेल तर रस्ता एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत सलग रुंद झाला पाहिजे. कागदावर अट चोख. प्रत्यक्षात तिचा परिणाम असा की गल्लीतल्या शेवटच्या बंगल्यातल्या एकट्या राहणाऱ्या आजींवर बाकीच्या सगळ्यांचं भवितव्य अवलंबून राहतं. त्यांना काही विकायचं नाही, पाडायचं नाही, भिंत मागे घ्यायची नाही. पूर्वी त्यांच्याकडे लोक पारिजातकाची फुलं मागायला जायचे. हल्ली समजूत घालायला जातात.

याच महापालिकेनं २०१६ मध्ये शहरातल्या रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. चालणाऱ्याला आधी जागा द्या, असं त्यांत सांगितलं आहे. जंगली महाराज रस्त्यावर त्यानुसार रुंद पदपथ, बाकं, झाडांभोवती मोकळी जागा असं काम झालंही, आणि ते चांगलं झालं आहे. संध्याकाळी तिथे बसलेली माणसं पाहिली की पटतं. रुंदीचं काय करायचं हे सांगणारं ते पुस्तक आहे. रुंदी मिळाल्यावर काय बांधायचं हे सांगणारं पुस्तक वेगळं, त्याला वाचणारी खाती वेगळी, आणि दोघांची गाठ पडायची म्हणून ठरलेली एकही जागा नाही. नऊ मीटरचा लाभ घेणाऱ्यानं त्यातला अमुक भाग पदपथासाठी आणि झाडांसाठी राखला पाहिजे, अशी एक ओळ घालायला काय हरकत होती? एक ओळ.

हरकत नेमकी काय आहे याचाही अंदाज येतो. महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटीही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. बांधकाम परवानगीचं शुल्क आणि अधिमूल्य हा उत्पन्नाचा मोठा आधार झाला. टीडीआरमागेही हीच गोष्ट आहे. शहराला उद्यानासाठी, रस्त्यासाठी कोणाची तरी जमीन हवी असते, रोख मोबदला द्यायला पैसे नसतात, म्हणून बांधण्याचा हक्क चलनासारखा दिला जातो. मुंबईत १९९१ च्या नियमांनी ही सोय आणली. ते चलन कुठेतरी खपायला हवं. ते आमच्यासारख्या गल्ल्यांत खपतं. आमच्या डोक्यावर येणारा पाचवा मजला हा कुठल्यातरी दूरच्या उपनगरातल्या बागेचा मोबदला असू शकतो. बाग मला हवीच आहे. पण आमच्या गल्लीखालची पाण्याची नळी आणि मैलावाहिनी ही देवाणघेवाण ठरताना कोणी विचारात घेतली होती का? तक्त्यात त्यांचा व्यास कुठेच येत नाही. रस्ता वर रुंद झाला म्हणून खालची नळी रुंद होत नाही. आणि विचारायचं कोणाला? मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर कितीतरी काळ शहराला नगरसेवकच नव्हते.

आता माझ्या बाजूची गोष्ट. आमच्या इमारतीत बारा घरं आहेत. पुनर्विकासासाठी पूर्वी तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९ च्या आदेशानं ती ५१ टक्क्यांवर आली. बारांत सात. सातवी सही माझी आहे.

मी ती का केली ते लपवत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे तात्या गुडघ्यांमुळे दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत. मागच्या वर्षी त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं, त्या चौघांत मी होतो. दुसऱ्या वळणावर माझा हात सुटता सुटता राहिला. स्लॅबमधून गज दिसतात. पावसाळ्यात माझ्या पुस्तकांच्या कपाटामागची भिंत ओली होते. लिफ्ट हवी, आणि लिफ्ट फुकट येत नाही. वरचे नवे मजले विकले जातील तेव्हाच ती येते. १.१० च्या निर्देशांकात आमच्या बारा घरांना कोणी दारातही उभं करणार नाही. या लेखात मी ज्या तक्त्याला दोष दिला, त्याच्याच दुसऱ्या ओळीत आमची लिफ्ट आहे. मलाही एक खोली जास्त मिळणार आहे. पुस्तकांसाठी.

काकूंनी सही केलेली नाही. त्या माझ्यावर रागावलेल्या नाहीत, एवढंच विचारतात की वर गेल्यावर दूधवाला वर येईल का. मी होय म्हणालो. मग त्यांनी विचारलं, 'मग खाली कोण असेल?' मी त्यांना स्टिल्ट पार्किंग म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, 'ते कळलं रे. माणूस कोण असेल, ते विचारते आहे.'

पुढच्या आठवड्यात सर्वसाधारण सभा आहे. मी विषयपत्रिकेवर एक विषय घातला आहे: विकसकाबरोबरच्या करारात दोन अटी असाव्यात. सोडायच्या पट्टीत उभी असलेली झाडं जागच्या जागी ठेवून त्यांच्याभोवतीच पदपथ करावा, आणि तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला निदान एक घर असावं. पहिल्या अटीबद्दल सल्लागार म्हणाले, बघू. दुसरी वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, 'त्याची चटई कोणाच्या वाट्यातून कापायची?' मी म्हणालो, माझ्या जादा खोलीतून. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. परवा बहाव्याच्या खोडावर कोणीतरी लाल रंगानं एक आकडा घातला आहे, आणि त्याखाली बाण.